प्रहारविद्येचे गुरु आणि त्यांच्या तालमी

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. मधल्या सुटींत दहावीच्या वर्गावरून जात असतां आंत मोठा वाद चाललेला कानीं पडला. वादाचा विषय गणित नव्हता कीं इतिहास नव्हता. 'मिश्र युद्धकला' म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स या नांवानें जो झुंजीचा खेळ सध्यां जगभर गाजत आहे, त्यांत ठोसा व लाथ मारण्याची विद्या सर्वांत उत्तम कोण शिकवितो, ऑकलंडचे वस्ताद कीं डेन्व्हरचे, यावर वर्गांत दोन तट पडले होते. मला हंसूं आलें व मी पुढें गेलों.

पण पुढील आठवड्यांत त्या मुलांपैकीं एक जण दोन दिवस शाळेंत आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्याचे वडील भेटावयास आले. मुलानें घरीं हट्ट धरून गांवांतील एका वर्गांत नांव घातलें होतें. तिसऱ्याच आठवड्यांत तेथील शिक्षकानें त्याला वयानें व वजनानें मोठ्या अशा तरुणापुढें उभें केलें. डोक्यावर चार ठोसे बसले, आणि त्या रात्रीपासून मुलाचें डोकें ठणकूं लागलें व पुस्तकांतील अक्षरें दोन-दोन दिसूं लागलीं. शिक्षकाचें म्हणणें असें कीं, मार खाल्ल्यानें डोकें कणखर होतें! वडिलांनीं मला विचारलें, "सर, आपण वाचतां-सवरतां, म्हणून विचारतों. हा खेळच वाईट म्हणावा, कीं शिकविणारा वाईट?"

त्यांना मीं प्रथम डॉक्टरांकडे जावयास सांगितलें; परंतु त्यांच्या प्रश्नाचें उत्तर मात्र मला त्या दिवशीं देतां आलें नाहीं. त्यानंतर कांहीं महिने या विषयाचें जें वाचन केलें व ज्या लढती पाहिल्या, त्यांचें सार विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहें.

खेळाचें स्वरूप

या खेळाची आजची मांडणी फार जुनी नाहीं. १२ नोव्हेंबर १९९३ रोजीं अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं निरनिराळ्या युद्धकलांच्या जाणत्यांना एकमेकांपुढें उभें करण्यांत आलें. त्या दिवशीं ब्राझीलचा सडपातळ बांध्याचा रॉयस ग्रेसी हा प्रतिस्पर्ध्यांना जमिनीवर आणून व त्यांस हार कबूल करावयास लावून विजयी झाला. पुढें या खेळाला शिस्त लागली. पांच मिनिटांची एक अशा तीन फेऱ्या, अजिंक्यपदाच्या लढतीस पांच फेऱ्या, हातांत लहान हातमोजे, आणि डोळ्यांत बोट घालणें, डोक्यानें टक्कर मारणें यांस बंदी, असे नियम झाले. ठोसा, लाथ, कोपर, गुडघा, कुस्तीचे डाव आणि जमिनीवरील पेंच हें सर्व या एकाच खेळांत चालतें.

येथें कोणी विचारील कीं, ठोसे शिकवावयाचे तर मुष्टियुद्धाचा एखादा चांगला शिक्षक पुरे आहे. निराळा गुरु कशाला? याचें उत्तर समजल्याशिवाय पुढील तुलना समजणार नाहीं, म्हणून तें थोडक्यांत सांगतों.

पहिली गोष्ट अंतराची. मुष्टियोद्ध्याला प्रतिस्पर्ध्याच्या हातापुरतेंच अंतर सांभाळावें लागतें. मिश्र युद्धकलेंत हातापेक्षां लांब पोंचणारी लाथ आहे, आणि आपल्याकडील मल्ल ज्याला पट काढणें म्हणतात तो डावहि आहे. जो मनुष्य पुढच्या पायावर भार टाकून, वांकून ठोसा मारतो, त्याचा तोच पाय प्रतिस्पर्ध्याच्या हातीं लागतो. म्हणून प्रत्येक ठोसा मारतांना, हा चुकला तर माझा पट निघेल काय, हा विचार बरोबर चालवावा लागतो.

दुसरी गोष्ट हातमोज्यांची. व्यावसायिक मुष्टियोद्ध्याचे हातमोजे सामान्यतः आठ किंवा दहा औंसांचे असतात व त्यांच्याआड तोंड लपवितां येतें. या खेळांतील हातमोजे सुमारें चार औंसांचे. त्यांच्यामधून ठोसा सहज आंत शिरतो. तेव्हां हात वर धरून मार झेलण्यापेक्षां पाय हलवून मार चुकविणें हेंच येथें खरें संरक्षण होय.

तिसरी गोष्ट पायांवरील लाथेची. १९८८ सालीं लास व्हेगास येथें अमेरिकेचा किकबॉक्सिंगपटु रिक रौफस व थायलंडचा चांगपुएक कियात्सोंग्रित यांची लढत झाली. रौफसनें पहिल्याच फेरींत प्रतिस्पर्ध्याला खालीं पाडून त्याचा जबडा मोडला. परंतु थाई वीर डगमगला नाहीं. तो रौफसच्या मांडीवर लाथेमागून लाथ मारीत राहिला. अखेर रौफसला उभें राहणें अशक्य झालें व त्याची हार झाली. त्याचे धाकटे बंधु ड्यूक रौफस यांनीं या पराभवाचा धडा घेऊन थाई पद्धतीचा अभ्यास केला आणि पुढें मिलवॉकी येथें स्वतःची तालीम काढली. दुसऱ्याच्या विद्येनें आपला पराभव झाला असतां ती विद्या हीन न लेखतां शिकून घ्यावी, ही बुद्धि प्रत्येक थोर शिक्षकाच्या ठिकाणीं आढळते.

आतां अशा कांहीं गुरूंची व त्यांच्या तालमींची तुलना करूं.

आल्बकर्की : धीर व योजना

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यांतील आल्बकर्की येथें ग्रेग जॅक्सन व माइक विंकलजॉन या दोघांनीं मिळून मोठी तालीम चालविली. प्रहार शिकविण्याचें काम विंकलजॉन यांच्याकडे असे. २००९ सालीं एका शिष्यासाठीं पॅड धरून उभे असतां लाथ निसटून त्यांच्या डोळ्यावर बसली व त्या डोळ्याची दृष्टि गेली. तरीहि त्यांनीं शिकविणें सोडलें नाहीं.

त्यांची नांवाजलेली शिष्या हॉली होम. ही एका धर्मोपदेशकाची मुलगी. आखाड्यांतील तिचें टोपणनांवहि 'उपदेशकाची कन्या' असेंच होतें. किशोरवयांत ती केवळ व्यायामाच्या वर्गासाठीं विंकलजॉन यांच्याकडे आली, आणि तेथून हळूहळू मुष्टियुद्धांत जगज्जेती झाली. डिसेंबर २०११ मध्यें फ्रान्सच्या अ‍ॅन सोफी मॅथिस हिनें तिला बेशुद्ध पाडलें. जून २०१२ मध्यें त्याच प्रतिस्पर्धिणीला तिनें गुणांवर हरविलें. गुरु तेच, शिष्या तीच; मधल्या सहा महिन्यांत चुका मात्र सुधारल्या.

मग १५ नोव्हेंबर २०१५ रोजीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें ५६,००० हून अधिक प्रेक्षकांसमोर तिची गांठ राँडा राऊझी हिच्याशीं पडली. राऊझी ही २००८ च्या ऑलिंपिकमध्यें जूदोंत कांस्यपदक मिळविलेली व तोपर्यंत अपराजित. तिची रीत अशी कीं, वेगानें अंगावर जावें, प्रतिस्पर्धिणीला कवटाळावें व खालीं आपटावें. यावर होमची योजना साधी होती. समोरून न थांबतां बाजूस सरकावें, पाठ जाळीला टेकूं देऊं नये, आणि ती अंगावर येईल तेव्हां डाव्या हाताचा सरळ ठोसा तिच्या वाटेंत ठेवावा. राऊझी जितक्या रागानें धांवे तितका तिला मार बसे. दुसऱ्या फेरीच्या ५९ व्या सेकंदाला डाव्या पायाची लाथ मानेवर बसून लढत संपली. ही लाथ लोकांच्या लक्षांत राहिली. परंतु जय मिळविला तो त्याआधीं टाकलेल्या पावलांनीं. चारच महिन्यांनीं, मार्च २०१६ मध्यें, मीशा टेट हिनें होमला जमिनीवर आणून तिचें अजिंक्यपद घेतलें, हेंहि सांगितलें पाहिजे. एका प्रतिस्पर्ध्यासाठीं केलेली योजना दुसऱ्यास लागू पडेलच असें नाहीं.

ऑकलंड : हूल देण्याची कला

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथें २००७ सालीं 'सिटी किकबॉक्सिंग' ही तालीम निघाली. तिचे मुख्य शिक्षक यूजीन बेअरमन. यांच्या शिक्षणाचा विशेष म्हणजे हूल. खांदा किंचित् हलवावा, गुडघा उचलल्यासारखें करावें, नजर खालीं टाकावी. प्रतिस्पर्धी दचकून जें कांहीं करील तें ध्यानांत ठेवावें आणि पुढच्या वेळीं त्याचाच फायदा घ्यावा. हें एका अर्थीं प्रश्न विचारून उत्तर काढून घेण्यासारखें आहे.

नायजेरियांत जन्मलेला इस्राएल अडेसान्या हा त्यांचा पट्टशिष्य. किकबॉक्सिंगच्या ७० हून अधिक लढती जिंकून तो या खेळांत आला आणि ६ ऑक्टोबर २०१९ रोजीं मेलबर्न येथें रॉबर्ट व्हिटकर याला दुसऱ्या फेरींत पाडून निर्विवाद अजिंक्यवीर झाला. पुढें नोव्हेंबर २०२२ मध्यें ब्राझीलच्या अ‍ॅलेक्स परेरानें त्याचें पद हिरावलें. याच परेरानें किकबॉक्सिंगमध्येंहि त्याला पूर्वी दोनदां हरविलें होतें. तीन वेळां हरलेला मनुष्य चौथ्या वेळीं काय करील? ८ एप्रिल २०२३ रोजीं मायामी येथें अडेसान्या जाळीपर्यंत मागें सरला. परेरा विजय हातीं आला असें समजून पुढें आला. आणि त्याच क्षणीं उजव्या हाताच्या ठोशानें तो खालीं कोसळला.

याच तालमीचा दुसरा विशेष ऑस्ट्रेलियाच्या अलेक्झांडर वोल्कानोव्स्की याच्या उदाहरणानें कळतो. त्याचे मूळ गुरु जो लोपेझ हे ऑस्ट्रेलियांतच शिकवितात. त्यांना न सोडतां तो लढतीच्या तयारीसाठीं ऑकलंडलाहि जात असे. १४ डिसेंबर २०१९ रोजीं त्यानें मॅक्स हॉलोवे याच्या पायांवर सतत लाथा मारून त्याची हालचाल रोखली व अजिंक्यपद मिळविलें. दोन गुरु एका शिष्याच्या हितासाठीं मत्सर न बाळगतां काम करूं शकतात, हें आपणां शिक्षकांनींहि ध्यानांत घेण्यासारखें आहे.

कुरितीबा ते कॅलिफोर्निया : चढाई

ब्राझीलच्या कुरितीबा शहरांतील 'शूट बॉक्स' तालीम ही चढाईबद्दल प्रसिद्ध होती. तेथील सरावाची झुंज खऱ्या लढतीइतकीच कडक असे, असा तिचा लौकिक आहे. वांदरले सिल्व्हा, माउरिसियो 'शोगुन' रुआ हे जपानमधील सामन्यांत गाजलेले वीर तेथेंच तयार झाले. तेथील शिक्षक राफाएल कॉर्देरो पुढें अमेरिकेंत कॅलिफोर्नियास गेले व तेथें त्यांनीं 'किंग्ज एम्‌एम्‌ए' ही तालीम उभारली.

कॉर्देरो यांची थोरवी कशांत? जे शिष्य मूळचे प्रहारविद्येचे नव्हेत, त्यांना त्यांनीं ती शिकविली. फाब्रिसियो वेर्दुम व राफाएल दोस आंजोस हे दोघेहि जमिनीवरील पेंचांत, जिउ-जित्सूंत, निष्णात. दोस आंजोस यानें १४ मार्च २०१५ रोजीं डॅलस येथें ड्यूक रौफस यांच्या शिष्यास, अँथनी पेटिस यास, पांचहि फेऱ्या मागें रेटीत नेऊन अजिंक्यपद घेतलें. पेटिसच्या लाथा जगांत नांवाजलेल्या. पण लाथ मारावयास अंतर लागतें, आणि तें अंतरच दोस आंजोसनें त्याला मिळूं दिलें नाहीं. वेर्दुमनें १३ जून २०१५ रोजीं मेक्सिको सिटींत केन वेलास्केझ यास हरविलें. तें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें २,२४० मीटर उंचीवर आहे. वेर्दुम कित्येक आठवडे आधींच त्या विरळ हवेंत जाऊन राहिला होता. वेलास्केझ दमला व वेर्दुम ताजा राहिला. गुरूची विद्या आणि शिष्याची तयारी यांचा असा मेळ बसावा लागतो.

डेन्व्हर : थोडे शिष्य, बारीक लक्ष

कोलोरॅडो राज्यांत डेन्व्हरच्या परिसरांत शिकविणारे ट्रेव्हर विटमन यांची रीत अगदीं निराळी. शेंकडो शिष्य गोळा न करतां थोडक्याच जणांवर त्यांनीं आपलें लक्ष दिलें. हातमोजे कसे असावेत, याचाहि त्यांनीं स्वतः अभ्यास करून नवे हातमोजे बनविले. त्यांची शिष्या रोझ नामायुनास हिनें ४ नोव्हेंबर २०१७ रोजीं न्यू यॉर्क येथें योआना येंजेचिक या अपराजित अजिंक्यपदधारिणीला पहिल्याच फेरींत हरविलें, आणि २४ एप्रिल २०२१ रोजीं चीनच्या झांग वेइली हिला ७८ सेकंदांत पाडलें. दोन्ही वेळां पाऊल आधीं योग्य जागीं पडलें व प्रहार मागाहून आला.

परंतु मला अधिक बोधप्रद वाटतें तें त्यांच्या दुसऱ्या शिष्याचें, जस्टिन गेची याचें उदाहरण. हा मूळचा मल्ल. मार देण्यासाठीं मार खावयास तो नेहमीं तयार. प्रेक्षक त्यावर खूष असत. डिसेंबर २०१७ व एप्रिल २०१८ अशा लागोपाठ दोन लढती तो हरला. त्यानंतर तो अधिक मोजून मापून लढूं लागला, आणि ९ मे २०२० रोजीं, साथीमुळें प्रेक्षकांवांचून झालेल्या लढतींत, टोनी फर्ग्युसन यास पांचव्या फेरींत हरवून त्यानें हंगामी अजिंक्यपद मिळविलें. शौर्य त्यांत पूर्वीइतकेंच होतें. विवेक मात्र वाढला होता.

मॉन्ट्रियल : एक शिष्य, अनेक गुरु

कॅनडांतील मॉन्ट्रियल येथील 'ट्रायस्टार' तालमीचे फिरास झहाबी यांचें नांव घेतल्याशिवाय ही तुलना पुरी होणार नाहीं. त्यांचे शिष्य जॉर्ज सां-प्येर हे मुष्टियुद्ध शिकावयास कॅलिफोर्नियांतील फ्रेडी रोच यांच्याकडे, थाई पद्धति शिकावयास न्यू यॉर्कचे फिल नर्स यांच्याकडे, व पेंच शिकावयास जॉन डॅनहर यांच्याकडे जात. इतकें शिकून त्यांनीं ११ डिसेंबर २०१० रोजीं जॉश कोश्चेक याच्याविरुद्ध वापरलें काय? मुख्यतः डाव्या हाताचा एक साधा सरळ ठोसा! पांच फेऱ्या तोच ठोसा नाना तऱ्हांनीं मारून त्यांनीं लढत जिंकली. कोश्चेकच्या उजव्या डोळ्याभोंवतालचें हाड मोडलें. पुष्कळ शिकावें व थोडें वापरावें, ही पक्क्या विद्येची खूण आहे.

मग श्रेष्ठ कोण?

आल्बकर्कीची योजना, ऑकलंडची हूल, कॉर्देरो यांची चढाई, विटमन यांचें बारीक लक्ष आणि मॉन्ट्रियलची संग्राहक बुद्धि, यांत पहिला क्रमांक एकास देणें मला योग्य वाटत नाहीं. उंच, लांब हातापायांच्या शिष्यास ऑकलंडची रीत मानवेल. आखूड बांध्याच्या व दमदार शिष्यास चढाईची मानवेल. ज्यास गर्दींत उत्साह येतो त्यास मोठी तालीम बरी, व जो बुजतो त्यास लहान. पण पद्धति निरनिराळ्या असल्या तरी यांतील प्रत्येक मोठा विजय पाहिला म्हणजे एक गोष्ट सारखी दिसते. शिष्याला आधीं उभें राहणें, सरकणें व चुकविणें शिकविलें गेलें, मारणें त्यानंतर. मार खाणें ही विद्या नव्हे, ती विद्येंतील उणीव होय.

मेंदूची राखण

दहावीच्या वर्गांतील त्या वादांत एका गोष्टीची चर्चा झाली नव्हती. आपला मेंदु कवटीच्या आंत द्रवांत असतो. डोक्याला जोराचा हिसका बसला म्हणजे तो आंतल्या आंत हलतो व त्याच्या सूक्ष्म तंतूंस ताण बसतो. हाड किंवा स्नायु सरावानें बळकट होतात, तसा मेंदु ठोशांनीं बळकट होत नाहीं. लास व्हेगास येथें क्लीव्हलंड क्लिनिक या संस्थेच्या वैद्यांनीं २०११ सालापासून व्यावसायिक लढवय्यांच्या मेंदूंची पाहणी चालविली. ज्यांनीं अधिक लढती केल्या, त्यांच्या मेंदूचे कांहीं भाग आकारानें लहान झालेले त्यांत आढळून आले. मुलांचा मेंदु तर अजून वाढत असतो. म्हणून अमेरिका व कॅनडा येथील बालवैद्यांच्या संघांनीं २०११ सालीं मुलांनीं मुष्टियुद्ध खेळूं नये असें स्पष्ट मत दिलें.

ही जाणीव आतां थोर लढवय्यांतहि शिरली आहे. हवाईचा मॅक्स हॉलोवे यानें २०२० सालीं अजिंक्यपदाच्या लढतीची तयारी करतांना सरावाची झुंज अजिबात केली नाहीं, असें स्वतः सांगितलें. तरी तो पांचहि फेऱ्या तोडीस तोड लढला व पंचांत मतभेद होऊन थोडक्यांत हरला. डोक्यावर रोज ठोसे खाल्ल्यावांचून तयारी होत नाहीं, हा जुना समज यावरून किती पोकळ आहे तें दिसतें.

पालकांस चार शब्द

हा खेळ आपल्याकडेहि आला आहे. मुंबईचा मल्ल भरत खंडारे २०१७ सालीं शांघाय येथें या खेळाच्या सर्वांत मोठ्या संस्थेच्या आखाड्यांत उतरला. पहिल्याच फेरींत हरला, पण वाट दाखवून गेला. जून २०२४ मध्यें उत्तर प्रदेशाच्या पूजा तोमर हिनें अमेरिकेंतील लुइव्हिल येथें त्याच संस्थेच्या आखाड्यांत विजय मिळविला. तेव्हां आपलीं मुलें याकडे ओढलीं जाणार, हें उघड आहे. केवळ 'नको' म्हणून भागणार नाहीं. मुलगा चोरून जाईल. त्यापेक्षां पालकांनीं तालमींत एकदां स्वतः जाऊन बसावें व पुढील गोष्टी पाहाव्या.

एक, नव्या मुलाला पहिले कित्येक महिने पावलें, तोल व पॅडवरील सराव यांतच ठेवतात काय? दोन, जोडी लावतांना वय, वजन व अनुभव पाहतात काय? तीन, मुलांच्या सरावांत डोक्यावर मारण्यास मनाई आहे काय? चार, मुलानें "थांबतों" म्हटलें तर वस्ताद त्याला थांबूं देतो, कीं त्याची थट्टा करतो? पांच, डोकें दुखणें, चक्कर, ओकारी, दृष्टि दुहेरी होणें यांपैकीं कांहींहि दिसतांच खेळ बंद करून डॉक्टरांकडे पाठवितात काय, आणि डॉक्टरांच्या परवानगीवांचून पुन्हां उतरूं देत नाहींत ना? पहिली इजा बरी होण्यापूर्वीं दुसरी बसली तर ती फार घातक ठरूं शकते. या पांचांपैकीं एकाचेंहि उत्तर असमाधानकारक आलें, तर त्या तालमीच्या भिंतीवर कितीहि ढाली व प्रशस्तिपत्रकें टांगलेलीं असलीं तरी मुलाला घेऊन परत यावें.

त्या वडिलांच्या प्रश्नाचें माझें उत्तर आतां तयार आहे. खेळ कठीण आहे, धोक्याचा आहे, आणि डोक्यावर ठोसे झेलण्याचा भाग लहान मुलांसाठीं नाहींच. परंतु त्या दिवशीं अपराध घडला तो शिक्षकाकडून. शिष्य आपल्या हातीं सोंपविला आहे, हें तो विसरला. विंकलजॉन शिष्यांसाठीं पॅड धरतांना स्वतःचा डोळा गमावून बसले. आपल्या गांवांतील त्या शिक्षकानें शिष्याचें डोकें पणाला लावलें. गुरूगुरूंतील अंतर मोजावयाचें तें येथें.

तो मुलगा डॉक्टरांच्या सल्ल्यानें दीड महिना विश्रांति घेऊन पूर्ण बरा झाला. सध्यां तो सकाळीं धांवतो, दोरीवरच्या उड्या मारतो, आणि आरशासमोर पावलें टाकण्याचा सराव करतो. परवां त्यानें मला विचारलें, "सर, नुसतीं पावलें किती दिवस?" मीं म्हटलें, "बाळ, हॉली होम ज्या पावलांनीं जिंकली, तीं शिकावयास तिला कित्येक वर्षें लागलीं. तुला घाई कसली?"